खाट, ताट आणि उस्ताद

भिंगारमध्ये वाढलेल्या माणसाला फौज लांबची वाटत नाही. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथं, आणि के. के. रेंजवर सराव सुरू झाला की त्याचे दणके ऐकत आम्ही अभ्यास केला. त्यामुळे ‘प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरी सक्तीची करा, मग बघा’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, दहाव्याच्या मांडवात, एसटीच्या सीटवर लहानपणापासून ऐकत आले आहे. असं म्हणणाऱ्यांत मास्तर असतात, व्यापारी असतात, पुढारी असतात. माझ्या वडिलांच्या तोंडून मात्र ते कधी आलं नाही. आबा रणगाडा दळातून रिसालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी नव्या रिक्रूटांना शिकवण्यात घालवली. ते म्हणतात, “रणगाड्यात तिघं असतात. तिघांतला एक मनाविरुद्ध आणून बसवलेला असला, तर उरलेल्या दोघांनी लढायचं का त्याला सांभाळायचं?”

आपल्या फौजेत आजवर सगळे आपखुशीनेच आले. नगर जिल्ह्यात तर प्रश्न उलटाच आहे. पारनेर, पाथर्डी, श्रीगोंद्याच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात पळणारी पोरं बघावीत. भरतीच्या अकॅडमीची फी भरायला कुणाच्या बापानं शेळ्या विकलेल्या असतात, कुणी ऊसतोडीची उचल त्यात घातलेली असते. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम, हे कळूनसुद्धा पोरं पळायची थांबली नाहीत. जिथं दार उघडण्याआधीच एवढी रांग आहे, तिथं आणखी लोकांना दंडाला धरून आत ढकलायचं कशासाठी? लष्करी सक्तीबद्दल माझं मत एवढंच आहे आणि ते आबांचंच मत आहे. त्यावर जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

नागरी सेवेच्या सक्तीचं तसं नाही. ती मी स्वतः केली आहे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आम्हा डॉक्टरांना एमबीबीएसनंतर एक वर्ष शासन सांगेल तिथं काम करावं लागतं. आमच्या बोलण्यात त्याला नुसतं ‘बाँड’ म्हणतात. ‘तुझा बाँड झाला का?’, ‘कुठं पडला बाँड?’ असं. प्रवेशाच्या वेळी वडिलांच्या सहीनं तो कागद लिहून दिलेला असतो, आणि साडेपाच वर्षांनी त्याची आठवण होते. माझ्या बॅचच्या वेळी नियम असा होता की सेवा करायची नसेल तर दहा लाख रुपये भरून मोकळं व्हायचं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते भरले आणि पीजीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी सुरू केली. आबांच्या पेन्शनीत ते शक्यच नव्हतं. पण पैसे असते तरी मी गेले असते असं मला वाटतं. माझी वर्षाची फी नगरच्या एखाद्या इंग्रजी शाळेपेक्षा फार मोठी नव्हती, आणि उरलेला खर्च कुणाच्या खिशातून होतोय हे आमच्या घरात अनेकदा बोललं गेलं होतं.

सक्तीच्या राष्ट्रसेवेचा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि तो एका मराठी माणसानंच सर्वांत नेमका मांडला होता. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की, शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी. थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असा तो आराखडा होता. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पुढे आल्या आणि तो बाजूला पडला. मग १९६२ चं युद्ध झालं, आणि १९६३ पासून महाविद्यालयात एनसीसी सक्तीची झाली. माझे मोठे काका तेव्हा कॉलेजात होते. ते सांगतात, पोरं भरपूर होती, पण शिकवणारे मोजके, बूट आणि गणवेश वेळेवर मिळायचे नाहीत, रायफली तर हाताळायलाच मिळायच्या नाहीत. हजेरी झाली की ओळीतली पोरं एकेक करून सायकली काढायची. १९६८ मध्ये ती सक्ती उठली. पुढच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना आली ती ऐच्छिक म्हणूनच. मला या इतिहासात एकच गोष्ट दिसते. दरवेळी तरुणांवर काय लादायचं याचा विचार झाला, आणि त्यांच्यासाठी काम तयार ठेवण्याची जबाबदारी कुणावर, हे मोघम राहिलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी ऑर्डर निघायलाच कित्येक महिने गेले. यादी लागते, मग दुरुस्त यादी लागते, मग फेरी होते, मग जागा दाखवतात त्यातली निम्मी आधीच भरलेली निघते. त्या काळात तुम्ही ना नोकरीत असता ना शिक्षणात. शेवटी अकोले तालुक्यातलं डोंगरातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र हातात पडलं. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यातला हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा. भात, नाचणी, वरई आणि खुरासणीची शेती, आणि भात निघालं की टोमॅटोच्या नाहीतर कांद्याच्या कामाला नारायणगाव-जुन्नरकडे बिऱ्हाड हलवायचं. जूनमध्ये पुण्या-मुंबईची माणसं इथं काजवे बघायला येतात. दवाखान्याच्या दारावरून त्यांच्या गाड्या जातात, पण आत काय चालतं हे त्यांना कधी कळत नाही.

मी पोहोचले तेव्हा पाऊस चालू होता. मी येणार हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. दोन डॉक्टरांच्या जागा होत्या, त्यातली एक रिकामी होती आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे शेजारच्या केंद्राचाही चार्ज होता, त्यामुळे ते तिकडे गेलेले. क्वार्टरला कुलूप होतं. ते तोडलं तर आत भिंतीला हात लावला की प्लॅस्टर खाली येत होतं. शिपायानं कागदपत्रं बाजूला करून लेबर रूमच्या शेजारच्या खोलीत माझी बॅग ठेवली. तेवढ्यात सिस्टर आल्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी मला एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, “मॅडम, आजची रात्र माझ्याकडं चला. भाकरी झालेलीच आहे.” ती एक रात्र बरीच लांबली. क्वार्टर दुरुस्त होईपर्यंत मी त्यांच्याच पुढच्या खोलीत राहिले.

सुट्टीला घरी आले तेव्हा हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांना राग आला, आणि तो माझ्यावर किंवा गावावर नव्हता. ते म्हणाले, “सेंटरला रिक्रूट येतो त्या दिवशी त्याची खाट, त्याचं ताट आणि त्याचा उस्ताद ठरलेला असतो. पोरगं रात्री दोन वाजता स्टेशनवर उतरलं तरी. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला घरातून उचलून आणायचं तर एवढं तरी आपण केलेलं पाहिजे ना? आणि तिथं तर पोरं आपण होऊन आलेली असतात. तुला तर कायद्यानं नेलंय.”

सक्तीच्या सेवेवर मी पुढे जे वाचलं, ऐकलं, त्यात याहून मोलाचं काही मला सापडलं नाही. तिथं खाट मला सिस्टरनं दिली, ताटही त्यांनीच दिलं, आणि उस्तादही त्याच झाल्या.

२०१५ च्या आवणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. भर दुपारी एका बाईला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. वय तिशीच्या आत. बांधावर रोपाची मूठ उचलताना पायाला चावलं होतं. दिरानं मारलेला साप खताच्या पिशवीत घालून सोबत आणला होता, घोणस. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, पण ती बोलत होती, नाडी ठीक होती. मेडिकल कॉलेजात अशा रुग्णाचं रक्त लॅबला जातं आणि रक्त गोठण्याचा रिपोर्ट कागदावर येतो. इथं लॅब टेक्निशियन त्या दिवशी मीटिंगला गेलेले. मी सलाइन लावेपर्यंत सिस्टरनं कपाट उघडून काचेची कोरी परीक्षानळी काढली. “धुतलेली नको मॅडम, साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही आणि आपण फसतो.” त्यात दोन मिली रक्त घेतलं, नळी खिडकीच्या कट्ट्यावरच्या स्टँडमध्ये ठेवली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ केसपेपरवर लिहिली. वीस मिनिटं त्या नळीला कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. सिस्टरनं शिपायाला त्या खिडकीपाशी उभंच केलं, कारण बाहेरून नातेवाईक डोकावत होते आणि वाऱ्यानं तावदान आपटत होतं.

ही चाचणी मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, हातानं कधी केली नव्हती. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. म्हणजे विष रक्तात पसरलेलं. मग दहा बाटल्या लस. सर्पदंशाची लस भुकटीच्या रूपात येते, तिच्यात पाणी घालून विरघळवावी लागते. माझ्या हाताला घाई झाली होती, मी बाटली हलवायला लागले तशी सिस्टरनं दुसरी बाटली दोन तळव्यांत धरून वाती वळतात तशी हळूहळू फिरवून दाखवली. “हलवली की फेस येतो मॅडम, मग फेसातच निम्मी जाते.” आम्ही दोघी समोरासमोर बसून बाटल्या फिरवत होतो. अॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून ट्रेमध्ये तयार होती, लसीची रिअॅक्शन आली तर. १०८ ला फोन झाला होता, पण गाडी दुसऱ्या केसवर होती. सहा तासांनी पुन्हा नळी भरली, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी नळी पूर्ण उलटी केली तरी रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं. तेव्हा कुठं मी जेवायला उठले.

नंतर मी सिस्टरना विचारलं, हे कुठं शिकलात? “तुमच्या आधीच्या आधी एक बाँडवाले सर होते. त्यांनी शिकवलं. काचेच्या नळ्या वेगळ्या ठेवायच्या, हेही त्यांनीच लावून दिलं.” ते सर कोण, आता कुठं असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. एका वर्षासाठी आलेल्या माणसानं दिलेली गोष्ट त्या दुर्गम दवाखान्यात टिकली ती कायम राहणाऱ्या एका बाईमुळे, आणि ती माझ्यापर्यंत आली. सक्तीनं आणलेला डॉक्टर निरुपयोगी असतो, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. आणि सक्तीच्या डॉक्टरवर सगळं भागेल, असं म्हणणाऱ्यांनाही हेच सांगते.

आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रानं वीस हजार लोकसंख्या सांभाळायची, असा निकष आहे. ही वीस हजार माणसं वाड्यावाड्यांत विखुरलेली. त्यांच्यापर्यंत पोहोचतात आशाताई. कुठली बाई दिवस राहूनही तपासणीला आलेली नाही, कुणाचं पोर टोमॅटोच्या मळ्यातून वाळून परत आलंय, कुणाच्या म्हाताऱ्याचा खोकला पंधरा दिवस हटत नाही, हे मला ओपीडीत बसून कधीच कळलं नसतं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा उभ्या राहिल्या. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो आणि कागदोपत्री त्या कर्मचारी धरल्या जात नाहीत. मी एक वर्ष सक्तीनं राबले, तर मला दरमहा पगार, अनुभवाचा दाखला आणि पुढचं सगळं आयुष्य मोकळं. आशा वर्षानुवर्षं राबते, रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर गाडीत बसते, आणि तिला आपल्या हक्कासाठी मोर्चात बसावं लागतं. देशसेवा सक्तीची करा म्हणणाऱ्यांनी आधी हिच्या सेवेची किंमत ठरवावी असं मला फार वाटतं.

आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर अनेक वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले, त्यांना कुणी बाँड लावला नव्हता. पण त्यांनी केलेलं काम डॉक्टरांच्या त्यागाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं, तेव्हा महत्त्वाचा भाग सुटतो. त्यांनी गावानं निवडलेल्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, आरोग्य शिकवलं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दाम्पत्याला मिळाला. जामखेड दुष्काळी आणि अकोले पावसाचं, पण दोन्हीकडे शिकवण एकच: बाहेरून येणारा माणूस कितीही हुशार असो, गावात राहणारं माणूस आधी उभं करावं लागतं.

माझा खरा आक्षेप त्या दहा लाखांवर आहे. सैन्यातली रजा विकत घेता येत नाही. मग नागरी सेवेतून पैसे भरून सुटका कशी? दंड असा ठेवला की ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो सुटतो, आणि शेतकऱ्याची, शिक्षकाची, जवानाची पोरं वाड्यावस्त्यांवर जातात. ही सेवा राहत नाही, गरिबावरचा कर होतो. पीजीला हा दंड पन्नास लाख आणि सुपर स्पेशालिटीला दोन कोटी होता, तरी मुद्दा तोच राहतो. बाँडच्या विरोधात डॉक्टर न्यायालयात गेले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांची ही सक्ती वैध ठरवली. वेठबिगारीला बंदी करणाऱ्या राज्यघटनेच्या कलम २३ मध्येच दुसरं उपकलम आहे. सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, पण ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. मी वकील नाही. पण ‘वर्ग’ हा शब्द ज्यांनी तिथं घातला, त्यांच्या डोळ्यांपुढे वेठ कुणाच्या वाट्याला येते हे स्पष्ट होतं, असं मला वाटतं.

बाहेरचे देश बघितले तरी हेच दिसतं. मेक्सिकोत १९३६ पासून नव्या डॉक्टरांना समाजसेवेचं वर्ष करावं लागतं आणि तिथले खेड्यातले कितीतरी दवाखाने या दरवर्षी बदलणाऱ्या कोवळ्या डॉक्टरांवर चालतात. दक्षिण कोरियात लष्करी सेवा सक्तीची आहे. डॉक्टरांना तिच्याऐवजी खेड्यात सार्वजनिक आरोग्य डॉक्टर म्हणून काम करता येतं, पण साध्या शिपायाला अठरा महिने आणि या डॉक्टरला छत्तीस. साहजिकच अलीकडे वैद्यकीय विद्यार्थी ‘आम्ही शिपाईच होतो’ म्हणू लागले आणि खेड्यातल्या जागा ओस पडू लागल्या. लोकांना सेवेचा कंटाळा नसतो. आपल्यावर इतरांपेक्षा जास्त ओझं टाकलंय, हे मात्र कुणीही फार काळ सहन करत नाही.

तरीही मी सक्तीच्या नागरी सेवेच्या बाजूनं आहे, आणि पूर्ण मनानं आहे. सरकारी पैशावर शिकलेल्या प्रत्येकानं, डॉक्टर असो, इंजिनिअर असो, वकील असो, उमेदीचं एक वर्ष तरी द्यावं. पैसे भरून सुटण्याची वाट कुणालाच नसावी, मंत्र्याच्या मुलालाही नसावी. निकाल लागल्यावर ठरलेल्या दिवसांत ऑर्डर हातात पडली नाही तर ते दिवस सेवेत धरावेत, म्हणजे यादी रखडवण्याची किंमत शासनाला मोजावी लागेल. राहायची खोली आणि ज्याच्या हाताखाली शिकायचं त्या माणसाचं नाव ऑर्डरवरच असावं. तिथं जो कायमचा कर्मचारी आहे, ती सिस्टर, ती आशा, तो वायरमन, त्यांचं वेतन आणि मान आधी नीट व्हावा.

आबांना हे बरंचसं पटतं. त्यांचं म्हणणं, एक वर्ष कमी आहे, पोरगं कामाला लागेपर्यंत जायची वेळ होते. यावर आमचं एक ठरलंय: जुना जायच्या आधी नवा महिनाभर तरी त्याच्याबरोबर राहिला पाहिजे. मला काचेच्या नळ्यांचे ते सर भेटले असते तर किती गोष्टी पहिल्याच आठवड्यात कळल्या असत्या. एका बाबतीत मात्र आबांची शंका अजून आहे. डॉक्टरला दवाखाना आहे, पण वकिलाला कुठं पाठवणार? त्याचं उत्तर मला अकोल्यातच मिळालेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बापजाद्यांच्या कसत्या जमिनीचा दावा घातलेली म्हातारी माणसं माझ्या ओपीडीत यायची. गुडघ्याचं दुखणं सांगता सांगता प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढायची आणि विचारायची, मॅडम, हे वाचून सांगता का, कुठं अडलंय. मी वाचून दाखवायचे, पण पुढं काय करायचं ते मला सांगता यायचं नाही. त्या टेबलाशेजारी दुसरं टेबल टाकून वर्षभर एक वकील बसला असता, तर त्याला काम पुरून उरलं असतं.